हवेची जखम

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात तब्येतीची चौकशी आकड्यांत चालायची. फोन लागला की पहिला प्रश्न, ‘स्कोअर किती?’ दुसरा, ‘सॅच्युरेशन किती?’ सीटी स्कॅनच्या पंचवीस गुणांपैकी सात आले तर घरच्यांना हायसं वाटायचं. अठरा आले तर पलीकडचा माणूस बोलायचाच थांबायचा. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना मात्र वेगळीच धास्ती होती. आठवडाभर बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर, तग धरलेला, कालपासून जरा बरा दिसणारा रुग्ण एकाएकी ढासळायचा. छातीत कळ, दरदरून घाम, मॉनिटरवर ९२चे ७४. ड्युटीवरच्या सिस्टर त्याच्या मानेवर, गळ्याजवळच्या हाडावर बोटं दाबून बघायच्या. कातडीखाली कुरकुर लागली की पुढचं सांगावं लागत नसे. पोर्टेबल एक्स-रेचं यंत्र ढकलत आणलं जायचं आणि बरगड्यांच्या आत पण फुप्फुसाच्या बाहेर एक काळा पट्टा दिसायचा. फुप्फुसातली हवा बाहेर फुटली होती.

तीव्र विषाणुजन्य न्यूमोनियात माणूस विषाणूमुळे दगावतो, असं आपण ढोबळपणे म्हणतो. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. विषाणू फुप्फुस कमजोर करतो. पुढची पडझड पुष्कळदा त्या कमजोर फुप्फुसावर पडणाऱ्या जोराने होते. तो जोर कधी यंत्राचा असतो, कधी औषधांचा, कधी डॉक्टरांच्या घाईचा आणि कधी खुद्द रुग्णाच्या श्वासाचा. गेल्या शंभर वर्षांत या आजाराच्या उपचारात जी मोलाची प्रगती झाली, तिचा मोठा भाग हा जोर कमी करण्याचा आहे. ही गोष्ट वॉर्डातल्या माणसांना ठाऊक असते. वॉर्डाबाहेर ती फारशी पोचलेली नाही.

मायक्रॉनपेक्षा पातळ भिंत

माणसाच्या दोन फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. प्रत्येक कोशाची भिंत आणि तिला चिकटलेली रक्तवाहिनी यांच्यात, जिथे प्राणवायूची खरी देवाणघेवाण होते, ते अंतर एका मायक्रॉनपेक्षाही कमी असतं. या कोशांना आतून एका स्निग्ध द्रवाचा थर असतो. श्वास सोडल्यावर कोश मिटून चिकटू नयेत, ही त्या थराची कामगिरी. तो बनवणाऱ्या पेशींवरच सार्स-कोव्ह-२ सारखे विषाणू हल्ला करतात. पेशी मेल्या की थर आटतो, रक्तवाहिन्यांतून पाणी आणि प्रथिनं कोशांत झिरपतात, आतून चिकट पापुद्रा धरतो. काही कोश मिटतात, काही पाण्याने भरतात आणि काही अजून शाबूत राहून सगळ्यांचा भार वाहतात.

घोटाळा इथेच सुरू होतो. आजार सगळीकडे सारखा पसरत नाही. आत येणारी हवा सोपी वाट धरते. मिटलेल्या कोशांकडे न जाता उघड्या, मऊ कोशांकडे धावते. सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरली की जिथे रबर कमजोर तिथेच फुगा येतो, तसंच हे. उरलेले चांगले कोश वाजवीपेक्षा जास्त ताणले जातात. ताण हद्दीपलीकडे गेला की भिंत फाटते.

फाटलेल्या कोशातली हवा कुठे जाते, हे कॅनडातले शरीररचनाशास्त्रज्ञ चार्ल्स मॅक्लिन यांनी १९३०च्या दशकात मांजरांच्या फुप्फुसांवर प्रयोग करून दाखवलं. हवा थेट छातीच्या पोकळीत पडत नाही. रक्तवाहिन्या आणि श्वासनलिकांभोवतीच्या सैल वेष्टणातून ती वाट काढत फुप्फुसाच्या मुळाकडे, मग हृदयाभोवतीच्या जागेत आणि तिथून वर मानेच्या कातडीखाली येते. १९४४मध्ये त्यांनी पत्नी मॅज मॅक्लिन यांच्यासह या विषयावर जो दीर्घ प्रबंध लिहिला, त्याचा हवाला कोविडच्या काळातल्या लेखांमध्ये पुन्हा पुन्हा दिला गेला. हृदयाभोवती साठलेली हवा स्टेथोस्कोपलाही सापडते. ठोक्याच्या तालावर करकर ऐकू येते. बाल्टिमोरच्या लुई हॅमन यांनी १९३९मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हवेची वाट मध्येच फुप्फुसाच्या आवरणात फुटली, की त्याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. एरवी या आवरणाच्या दोन पदरांमध्ये वातावरणापेक्षा किंचित कमी दाब असतो आणि त्या ओढीवरच फुप्फुस फुललेलं राहतं. हवा आत शिरली की ओढ संपते आणि फुप्फुस आकसतं. फट एकदिशा झडपेसारखी वागली, म्हणजे हवा आत येते पण बाहेर जात नाही, तर दाब वाढत जातो, हृदय दुसऱ्या बाजूला ढकललं जातं, रक्त हृदयाकडे परत येईनासं होतं. ही मिनिटांची गोष्ट असते. तिथे एक्स-रेची वाट पाहत नाहीत. सुई घालून हवा मोकळी करतात.

मानेत, चेहऱ्यावर शिरलेली हवा दिसायला भयंकर असते. डोळे मिटतील इतका चेहरा सुजतो, आवाज बदलतो. नातेवाइकांना व्हिडिओ कॉलवर ओळख पटत नाही. पण ही कातडीखालची हवा बहुधा जिवावर उठत नाही. गळती थांबली की काही दिवसांत जिरते. ती इशारा देते, खरा धोका आत असतो. घाबरलेल्या घरच्यांना हे दोन वाक्यांत सांगणारं कुणी असेल, तर अर्धी लढाई तिथेच सावरते.

मानमोडीच्या साथीत सुरी थांबली

ही गुंतागुंत कोविडने आणली असा समज आहे. तो चुकीचा आहे. गोवराच्या न्यूमोनियात मुलांच्या मानेत हवा शिरते, हे बालरोगतज्ज्ञांना कित्येक पिढ्या माहीत आहे. २००३मध्ये हाँगकाँगच्या सार्सच्या साथीत, यंत्रावर न गेलेल्या रुग्णांमध्येही हृदयाभोवती हवा सापडली होती. त्याआधी १९१८-१९च्या इन्फ्लूएन्झात, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडीच्या साथीत, डॉक्टरांनी कातडीखाली हवा शिरलेल्या रुग्णांच्या नोंदी केल्या आहेत. तेव्हा व्हेंटिलेटर नावाची चीजच नव्हती. खोकला आणि तडफडता श्वास एवढंच त्या फाटण्याला पुरेसं होतं.

मानमोडी जून १९१८मध्ये मुंबई बंदरातून आत आली, पावसाळ्यानंतर पुन्हा उसळली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं घेऊन गेली. त्या साथीतल्या बहुसंख्य मृत्यूंमागे विषाणूच्या पाठोपाठ आलेला जिवाणूंचा न्यूमोनिया होता, असं जपून ठेवलेल्या ऊतींच्या तपासणीवरून २००८मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं. या दुहेरी न्यूमोनियाची खास गुंतागुंत म्हणजे छातीत पू होणं, एम्पायमा.

अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत गोवर आणि इन्फ्लूएन्झानंतर एम्पायमाने तरुण शिपाई पटापट मरत होते. त्या काळचा इलाज धडाक्याचा होता. पू झाला की लगेच बरगडीचा तुकडा काढून छाती उघडायची आणि पू वाहू द्यायचा. या पद्धतीत सरासरी दहांतले तीन रुग्ण दगावत आणि काही छावण्यांत त्याहून कितीतरी जास्त. १९१८मध्ये लष्कराने एम्पायमा आयोग नेमला. त्यात एव्हार्ट्स ग्रॅहम हे तरुण सर्जन होते. कुत्र्यांवरचे प्रयोग आणि व्हर्जिनियातल्या कॅम्प ली इथल्या रुग्णांचा अभ्यास यांतून त्यांच्या ध्यानात आलं, की माणसं पुवाने कमी आणि उघड्या छातीने जास्त मरत होती. स्ट्रेप्टोकॉकसचा पू सुरुवातीला पातळ असतो, फुप्फुस आजूबाजूला चिकटलेलं नसतं. अशा वेळी छातीला भोक पाडलं की बाहेरची हवा आत घुसते, एक फुप्फुस आकसतं आणि न्यूमोनियाने आधीच धापणाऱ्या रुग्णाचं दुसरंही लंगडं पडतं.

आयोगाने सांगितलं, तीव्र न्यूमोनिया ओसरेपर्यंत छाती उघडू नका. तोवर सुईने पू ओढून घ्या किंवा हवा आत जाणार नाही अशा बंद नळीने काढा, आणि रुग्णाला पोटभर खाऊ घाला. मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास उतरलं. प्रतिजैविकं यायला अजून दोन दशकं अवकाश होता. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. फक्त सुरी थांबली होती.

यंत्र आलं, जोर आला

१९५२च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं ब्लेगडम रुग्णालयात मरत होती आणि छातीबाहेरून ओढ देणारी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या घशाखाली छेद करवून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसात हवा ढकलली. ती वाचली. पुढचे काही महिने सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा जन्म तिथला मानतात. निसर्ग हवा आत ओढतो. इथे पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर ती आत ढकलली गेली. त्या मुलांची फुप्फुसं मुळात धड होती, म्हणून हे चाललं.

१९६७मध्ये डेन्व्हरच्या डेव्हिड ॲशबॉ, थॉमस पेटी आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये बारा रुग्णांची हकिगत लिहिली. कारणं वेगवेगळी, पण फुप्फुसाची दशा एकच: पाण्याने भरलेलं, ताठर, प्राणवायू न घेणारं. आज याला एआरडीएस म्हणतात आणि तीव्र विषाणुजन्य न्यूमोनियाचं टोक तेच असतं. या ताठर फुप्फुसांत डॉक्टर यंत्राने भरपूर हवा ढकलत होते. किलोमागे दहा ते पंधरा मिलिलिटर हा रिवाज होता. रक्ताच्या तपासणीचे आकडे सुंदर यायचे, रुग्ण मात्र जायचा.

का, ते हळूहळू उलगडलं. १९८०च्या दशकात मिलानचे लुचियानो गॅटिनोनी यांनी अशा रुग्णांचे सीटी स्कॅन पाहिले आणि एक उलटीच गोष्ट सांगितली. हे फुप्फुस ताठर झालेलं नाही, लहान झालेलं आहे. हवा घेऊ शकणारा भाग पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढा उरलेला असतो आणि आपण त्यात मोठ्या माणसाचा श्वास भरतो. त्याच सुमारास पॅरिसमध्ये दिदिए ड्रेफुस यांनी उंदरांवर दाखवून दिलं, की केवळ दाबाने फुप्फुस बिघडत नाही. वाजवीपेक्षा जास्त फुगवण्याने बिघडतं. छातीला पट्टे आवळलेल्या उंदरांनी तोच दाब सोसला. मोकळ्या छातीच्या उंदरांची फुप्फुसं पाण्याने भरली.

मे २०००मध्ये निकाल लागला. अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांपैकी निम्म्यांना किलोमागे १२ मिलिलिटरचा श्वास दिला गेला आणि निम्म्यांना ६ मिलिलिटरचा. मोठ्या श्वासाच्या गटात ३९.८ टक्के दगावले, छोट्या श्वासाच्या गटात ३१ टक्के. यंत्र तेच, नळी तीच, फक्त श्वास अर्धा. एआरडीएसमध्ये इतका स्पष्ट फायदा त्याआधी कोणत्याही औषधाने दाखवला नव्हता.

हे किलो खरे नसतात, हा त्यातला कळीचा तपशील. फुप्फुसाचा आकार उंचीवर ठरतो, पोटाच्या घेरावर नाही. पाच फूट पाच इंच उंचीच्या पुरुषाचं वजन काट्यावर नव्वद भरलं, तरी हिशेबाला साडेएकसष्ट किलोच धरायचे. म्हणजे त्याला एका वेळी ३७० मिलिलिटर हवा. जुन्या रिवाजाने दहाच्या पटीत नव्वद किलो धरले, तर ९०० मिलिलिटर होतात, अडीच पटींच्या जवळ. म्हणून चांगल्या आयसीयूत रुग्ण यंत्रावर गेला की कुणीतरी शिंप्याची टेप काढून त्याची टाचेपासून टाळूपर्यंत लांबी मोजतं आणि आकडा केसपेपरवर लिहितं. सगळ्या महागड्या यंत्रसामग्रीत सर्वांत जास्त जीव वाचवणारी वस्तू ही वीस रुपयांची टेप असू शकते. तिच्यासाठी निविदा लागत नाही.

रुग्णाचा स्वतःचा श्वास

एवढं सगळं माहीत असूनही कोविडमध्ये हवा फुटतच राहिली. न्यूयॉर्कमध्ये २०२०च्या पहिल्या लाटेत व्हेंटिलेटरवरच्या ६०१ कोविड रुग्णांपैकी ८९ जणांना, म्हणजे १५ टक्क्यांना, अशी इजा झाली. त्याच काळात त्याच रुग्णालयात यंत्रावर असलेल्या, पण कोविड नसलेल्या १९६ रुग्णांमध्ये असा एकच जण सापडला. आधीच्या काही वर्षांतल्या एआरडीएसच्या रुग्णांत हे प्रमाण १० टक्के होतं. म्हणजे दोष सगळा यंत्राचा नव्हता. ब्रिटनच्या १६ केंद्रांनी मिळून ७१ रुग्णांची नोंद केली, त्यांतल्या काहींना तर यंत्र लागलंही नव्हतं. एकूण नोंदींतल्या न्यूमोथोरॅक्सच्या रुग्णांपैकी ६३ टक्के अठ्ठावीस दिवसांनंतर हयात होते, ही दिलाशाची बाजू. हवा फुटली म्हणजे सगळं संपलं, असं नाही.

यंत्राशिवाय फुप्फुस फाटतं ते रुग्णाच्या स्वतःच्या ओढीने. प्राणवायू कमी पडला की मेंदू श्वासाची आज्ञा वाढवत नेतो. मानेचे स्नायू ताठ होतात, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, मिनिटाला पस्तीस-चाळीस श्वास होतात. दर श्वासाला आतली ओढ इतकी प्रचंड होते, की फुप्फुसावरचा ताण व्हेंटिलेटरच्या मोठ्या श्वासाइतका होऊ शकतो. अशी इजा रुग्ण स्वतःच स्वतःला करत असतो, ही कल्पना २०१७मध्ये लॉरों ब्रोशार, आर्थर स्लुत्स्की आणि अँतोनिओ पेसेंती यांनी मांडली. तीन वर्षांनी तिची जगभर परीक्षा झाली. किती वेळ मास्कवर थांबायचं आणि कधी गुंगी देऊन नळी घालायची, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. लवकर घातली तर यंत्राचे धोके, उशिरा घातली तर स्वतःच्या श्वासाचे.

दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात हा वाद पुष्कळ ठिकाणी पुस्तकीच राहिला, कारण पर्यायच नव्हता. व्हेंटिलेटरचा बेड मिळेपर्यंत रुग्ण बायपॅपवर, बायपॅप मिळेपर्यंत साध्या मास्कवर, आणि तोही मिळेपर्यंत रिक्षात. २१ एप्रिल २०२१ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब कोसळला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. ती बातमी सगळ्यांनी पाहिली. पण रोज थोडा थोडा कमी पडणारा ऑक्सिजन, आणि तो भरून काढायला छाती फाटेस्तोवर ओढला जाणारा श्वास, याची बातमी होत नाही. तो केसपेपरवर ‘न्यूमोथोरॅक्स, उजवी बाजू’ एवढाच उतरतो.

श्वासाची ही ओढ शमवण्याचा एक उपाय मात्र फुकटचा होता: पालथं झोपणं. हृदयाचा भार फुप्फुसावरून उतरतो, पाठीकडचे मिटलेले कोश उघडतात आणि हवा जास्त सारखी वाटली जाते. क्लोद गेरँ यांच्या फ्रान्स-स्पेनमधल्या अभ्यासात २०१३मध्ये, यंत्रावरच्या गंभीर रुग्णांना दिवसाला सोळा तास पालथं ठेवल्यावर मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले होते. शुद्धीतल्या रुग्णाला फायदा एवढा मोठा नसतो, तरी एप्रिल २०२१मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरीसुद्धा उशा लावून पालथं झोपण्याच्या सचित्र सूचना काढल्या. आयसीयूत नळ्या-तारांसह एका बेशुद्ध माणसाला पालथं करायला मात्र चार-पाच जण लागतात: डोक्याशी नळी धरणारा डॉक्टर, दोन्ही बाजूंना सिस्टर, ब्रदर, मामा. ही माणसं पीपीई घालून दिवसातून दोनदा हे काम करत होती.

बाटलीतलं पाणी

हवा फुटल्यावरचा इलाज दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. हॅम्बुर्गचे गॉटहार्ड ब्यूलाउ यांनी छातीत बंद नळी घालून तिचं दुसरं टोक पाण्याखाली ठेवण्याची युक्ती काढली आणि १८९१मध्ये ती प्रसिद्ध केली. आजही वॉर्डात ‘आयसीडी टाकली’ म्हणतात ती हीच. काखेखाली, स्तनाग्राच्या रेषेच्या वर, दोन स्नायूंच्या कडांमध्ये एक सुरक्षित त्रिकोण असतो. तिथली जागा बधिर करून, बरगडीच्या वरच्या कडेने नळी आत सरकवतात. खालच्या कडेला रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. नळीचं बाहेरचं टोक बाटलीतल्या पाण्यात दोन सेंटिमीटर बुडलेलं असतं. छातीतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, बाहेरची आत येऊ शकत नाही.

त्यानंतरचे दिवस या बाटलीच्या वाचनात जातात. राउंडला ज्येष्ठ डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘कॉलम हलतोय का?’ स्वतः श्वास घेणाऱ्या रुग्णाचं नळीतलं पाणी श्वास आत घेताना वर चढतं आणि सोडताना उतरतं. यंत्रावरच्या रुग्णात याच्या उलट. मग रुग्णाला खोकायला सांगतात. बुडबुडे आले तर गळती चालू आहे. बुडबुडे थांबले आणि पाणीही हलेनासं झालं, तर दोन शक्यता: फुप्फुस पूर्ण फुललं किंवा नळी तुंबली. पहिलीत घरी जायची आशा, दुसरीत धावपळ. दोन्हींतला फरक बाटली सांगत नाही. तो तपासणाऱ्याचे हात आणि एक्स-रे सांगतात.

या बाटलीचे नियम साधे आहेत आणि गर्दीच्या वॉर्डात तेच मोडतात. बाटली कायम छातीच्या खाली हवी. लिफ्टने सीटीला नेताना कुणी ती सोयीसाठी रुग्णाच्या पोटावर ठेवली, तर पाणी उलटं आत जाऊ शकतं. बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावायचा नाही. लावला तर साठणारी हवा हृदयावर दाबते. नळी बरगड्यांमध्ये दुखते म्हणून रुग्ण खोकत नाही, खोकला नाही म्हणून कफ साठतो आणि साठलेल्या कफात नवा जंतुसंसर्ग होतो. म्हणून वेदनाशामक देणं हा इथे उपचाराचाच भाग आहे.

कोविडमध्ये गळती आठवडे-आठवडे चालायची, कारण भोवतालची ऊतीच कुजकी झालेली असायची. काहींना नळीला एकदिशा झडप जोडून घरी पाठवलं गेलं. ही झडप अमेरिकी सर्जन हेन्री हाइमलिक यांनी १९६०च्या दशकात काढली आणि व्हिएतनाम युद्धात ती शिपायांच्या छातीला लागली. बाटली सांभाळायची कटकट तिने संपते आणि माणूस हिंडू-फिरू शकतो.

औषधांचाही जोर

जून २०२०मध्ये ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीने सांगितलं, की रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्यास व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर येतात. औषध जुनं आणि स्वस्त, डोस बेताचा, मुदत दहा दिवसांची. त्याच चाचणीत एक दुसरा निष्कर्षही होता. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना या औषधाचा फायदा झाला नाही; आकड्यांचा कल उलट नुकसानीकडे होता. पहिला निष्कर्ष गावोगाव पोचला, दुसरा वाटेतच राहिला. तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी, ऑक्सिजन ९८ असताना स्टेरॉइड सुरू झालेल्या चिठ्ठ्या २०२१मध्ये जागोजाग दिसत होत्या. डोस दुप्पट-तिप्पट, मुदत तीन-तीन आठवडे. साखर आधीच वाढलेली, त्यात स्टेरॉइड. मग म्युकरमायकोसिसची बुरशी आली. नाक, डोळा, जबडा ही तिची ठिकाणं सगळ्यांच्या लक्षात आहेत. ती आणि ॲस्परजिलस ही दुसरी बुरशी फुप्फुसातही पोकळ्या पाडतात आणि त्या पोकळ्या फुटल्या की पुन्हा तीच हवा, तोच पू, तीच नळी.

एका बाबतीत मात्र हात आखडून चालत नव्हतं. २०२०मध्ये मॅक्सिमिलियन अकरमान आणि सहकाऱ्यांनी कोविड आणि इन्फ्लूएन्झाने दगावलेल्यांची फुप्फुसं शेजारी ठेवून तपासली. कोविडच्या फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांत रक्ताच्या बारीक गुठळ्या नऊ पट सापडल्या. एकाएकी ऑक्सिजन घसरलेल्या रुग्णात म्हणूनच डॉक्टरांपुढे दोन संशयित असत, हवा आणि गुठळी. दोन्हींची लक्षणं सारखी, इलाज एकमेकांच्या वाटेत येणारे. गुठळीसाठी रक्त पातळ करायचं, तर नळी घालताना रक्तस्राव. अशा वेळी खाटेपाशी सोनोग्राफीचा प्रोब छातीवर ठेवून फुप्फुसाची कड सरकते आहे का, हे अर्ध्या मिनिटात पाहणारा माणूस लाखमोलाचा ठरतो. कड सरकत असेल, तर त्या जागी हवा साठलेली नाही.

घरी गेल्यावर

डिस्चार्जनंतरही हवेची गोष्ट संपत नाही. बऱ्या होणाऱ्या फुप्फुसांत कधी पातळ भिंतीच्या पोकळ्या राहतात आणि आठवड्यांनंतरही त्यांतली एखादी फुटू शकते. अचानक एका बाजूची कळ आणि धाप म्हणजे ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री एक्स-रे काढायचा. एक्स-रेवर हवा पूर्ण जिरल्याचं दिसल्यानंतर निदान आठवडाभर विमानप्रवास नको, असं ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी सांगते. स्कूबा डायव्हिंग तर सहसा कायमचंच टाळायचं. तारकर्लीला सुट्टीत गेलेल्या धडधाकट दिसणाऱ्या तरुणालाही हे लागू आहे. जिना, चालणं, श्वासाचे व्यायाम हळूहळू वाढवायचे. जिममध्ये दम रोखून वजन उचलणं सर्वांत शेवटी.

विषाणुजन्य न्यूमोनिया काही कोविडबरोबर गेलेला नाही. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ला पुण्यात झाला आणि तो विषाणू आजही दर पावसाळ्यात आपल्यात असतो. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवर उसळला, तेव्हा लहान मुलं न्यूमोनियाने ऑक्सिजनवर गेली. या दोन्हींवर लस आहे. लस घेतलेल्या माणसाच्या छातीत नळी घालायची वेळ क्वचितच येते. सगळ्या उपचारांत कमीत कमी जोराचा उपचार तोच.

कोविडने महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयांना ऑक्सिजनचे प्रकल्प दिले, व्हेंटिलेटर दिले. मराठवाड्यात आलेल्या व्हेंटिलेटरांच्या दर्जाचा वाद मे २०२१मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला आणि त्यावर भरपूर लिहून आलं. यंत्र चालतं की नाही, हा रास्त प्रश्न आहे. ते किती जोराने चालवायचं, हा त्याच्या पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर यंत्राबरोबर खोक्यात येत नाही. ते येतं उंची मोजणाऱ्या हातातून, रात्री दोन वाजता एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाकडून, बाटली वाचता येणाऱ्या सिस्टरकडून आणि ‘आज डोस वाढवायचा नाही’ असं म्हणण्याची हिंमत असलेल्या डॉक्टरकडून. दोन रुग्णांमागे एक सिस्टर असेल तर हे शक्य आहे. आठांमागे एक असेल तर कितीही चांगला प्रोटोकॉल भिंतीवरच लटकत राहतो. तेव्हा जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूचा हिशेब मागायचा, तर व्हेंटिलेटर किती आहेत याच्या आधी रात्रपाळीला किती प्रशिक्षित माणसं आहेत, हे विचारायला हवं. आमदारांनी सभागृहात विचारावं, पत्रकारांनी माहितीच्या अधिकारात मागावं आणि आकडा आला की तो दर वर्षी छापावा.